‘द वायर’चा शाळेवरचा सीझन शिक्षण परिषदेत दाखवायचा आहे, कोणते प्रसंग घ्यावे?

खडूफळा (यवतमाळ जिल्हा)
केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) पुढच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे शिक्षकांच्या बैठकीत, ४० मिनिटांचं सत्र आहे, विषय ‘अनियमित हजेरी’. त्यासाठी एचबीओच्या ‘द वायर’ या पोलिसी मालिकेचा चौथा सीझन (२००६) वापरायचा विचार आहे. समोर वीस-पंचवीस गुरुजी-मॅडम असतील, बहुतेक सहावी ते आठवीला शिकवणारे, आणि मालिका कोणी पाहिलेली नसेल असं धरून चालतो. १३ भाग, प्रत्येक तासाभराचा. एवढ्यातून काय उचलावं? आणि बाल्टिमोरच्या चौकात गर्द विकणाऱ्या पोरांचं आपल्याकडच्या कापूस वेचणीला जाणाऱ्या पोरांशी जुळतं कुठं? ‘आपल्याकडे असं काही नसते’ म्हणून पाच मिनिटांत सगळे मोबाइल काढतील, ही भीती आहेच.

कापूसकोंड्या
सर, आधी काय घेऊ नका ते सांगतो. तिसऱ्या भागात वर्गातली एक मुलगी दुसरीच्या चेहऱ्यावर ब्लेड ओढते. तो प्रसंग दाखवला की चर्चा ‘अमेरिकेतली पोरं किती बिघडली’ इथेच अडकेल. गोळीबार, रिकाम्या घरांतली प्रेतं हेही सोडा. ही मालिका पोलिसांची असली तरी या सीझनचा खरा विषय आकडे आहे. तो असा उतरला याचं कारण लिहिणारी माणसं: डेव्हिड सायमन बाल्टिमोरच्या दैनिकात गुन्हेवार्ता करायचा, आणि एड बर्न्स वीस वर्षं तिथल्या पोलिसांत राहून नंतर तिथल्याच सरकारी शाळांत मास्तर झाला. मालिकेतला प्रेझही पोलिसातून येऊन गणित शिकवायला लागतो.

पहिला प्रसंग चौथ्या भागातला घ्या. तुरुंगातून सुटून आलेल्या कटीला शाळेत काम मिळतं. कागदावर तो सफाई कर्मचारी, प्रत्यक्षात गल्लोगल्ली फिरून गैरहजर पोरं पकडून आणायची. दोन-चार दिवसांनी तो एका पोराला पुन्हा आणायला निघतो, तर त्याला थांबवतात: या पोराचा सप्टेंबरचा दिवस भरला, आता ऑक्टोबरमध्ये एक दिवस आला की झालं. निधी त्या मोजणीवर मिळतो.

इथे थांबवा आणि काही बोलू नका. ३० सप्टेंबरची पटसंख्या आणि संचमान्यता (पटावरून शिक्षकांची पदं ठरणं) हे शब्द समोरचे स्वतःच काढतील. ज्यांची नोकरी जुनी आहे त्यांना ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी आठवेल, पोरांच्या बोटाला शाई लावली होती ती. शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्यात पहिली ते पाचवीला साठ पटापर्यंत दोन शिक्षक आणि ६१ झाले की तिसरा, असा हिशेब असल्यावर एकेक नाव किती जड होतं हे आपल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही. मोबाइल कोणी काढणार नाही.

त्याला जोडून फळ्यावर एक उदाहरण सोडवा. वर्गात ३० पोरं, महिन्यात २४ दिवस शाळा. म्हणजे एकूण ७२० हजेऱ्या. सहा पोरं बारा-बारा दिवस वेचणीला गेली, बाकी सगळे रोज हजर. गेल्या ७२, उरल्या ६४८. सरासरी ९० टक्के! अहवालात हा वर्ग झकास दिसतो, आणि त्या सहांची शाळा अर्धी झालेली असते. आडवी बेरीज (प्रत्येक पोराची) न करता फक्त उभी बेरीज (दिवसाची) वर पाठवली की हे होतं. शिवाय बारा दिवस सलग नसतात. दोन दिवस वेचणी, दोन दिवस शाळा असं चालतं, त्यामुळे सलग महिनाभर गैरहजर म्हणजे शाळाबाह्य या व्याख्येत ही पोरं कधीच येत नाहीत. उपाय साधा आहे. दर शनिवारी हजेरीपटावर नावासमोर त्या आठवड्याचे दिवस पेन्सिलने लिहायचे आणि सलग दोन आठवडे तीन किंवा कमी आले तर घरी जायचं. सोयाबीन सोंगणीपासून वेचणी संपेपर्यंत एवढं केलं तरी पुष्कळ. भेट संध्याकाळी सातनंतर, दुपारी घराला कुलूप असते.

दुसरा प्रसंग नवव्या भागातला. सगळ्या शिक्षकांना बैठकीत सांगितलं जातं की आता राज्याच्या चाचणीतले प्रश्नच शिकवा. प्रेझ विचारतो, मग यातून मोजायचं काय? सहकारी शिक्षिका सांगते की पोरांचं काही नाही, मोजमाप आपलं होतं. तेव्हा त्याला पोलिस खात्यातली आकडेवारी आठवते, दरोड्याची साधी चोरी करून दाखवायची आणि वरच्यांनी बढत्या घ्यायच्या. छोटासा संवाद आहे, अख्ख्या सीझनचा कणा आहे तो.

त्रैराशिक
थोडं विषयांतर, पण गणिताचे शिक्षक असतील तर प्रेझचा फाशांचा तास सोडू नका. पोरं बाहेर फाशांवर पैसे लावतात, म्हणून तो फाशांवरूनच संभाव्यता शिकवतो. आपल्याकडे हा धडा दहावीच्या गणित भाग १ मध्ये येतो, पण आठवीलाही खेळ म्हणून चालतो.

लुडोचे दोन फासे, चार-चार पोरांचे गट, प्रत्येक गटाने ५० वेळा टाकून २ ते १२ पर्यंतच्या बेरजांच्या खुणा करायच्या. सहा गटांच्या एकत्र केल्या की ३०० होतात आणि मधे ७ चा ढीग उठून दिसतो. एका गटाच्या पन्नासात तो कधी कधी दिसत नाही, म्हणून एकत्र करणं टाळू नका. चूक ठरलेली असते: बेरजा अकरा, म्हणून प्रत्येकीची शक्यता १/११ असं पोरं म्हणतात. दोन्ही फासे एकाच रंगाचे असले तर ही समजूत जातच नाही, कारण (१,६) आणि (६,१) त्यांना एकच वाटतात. एकाला स्केचपेनने लाल करा. मग ३६ घरांचा तक्ता पोरं स्वतः भरतात आणि ७ ला ६/३६, १२ ला १/३६ हे त्यांच्याच तोंडून येतं. फासे जमिनीवर टाकू देऊ नका, बाकाखाली जातात आणि तास शोधण्यात जातो. जेवणाच्या ताटात टाकायला लावा.

मधली_सुट्टी
कापूसकोंड्या सरांचं पटलं, फक्त एक सावधगिरी. सत्रात कोणीतरी हमखास कॉल्विन (माजी पोलिस अधिकारी) आणि प्रोफेसर पॅरेंटी यांच्या वेगळ्या वर्गाचा विषय काढेल, कारण तो बघायला फार आकर्षक आहे. चौकात धंदा करणारी दहा-एक पोरं मूळ वर्गातून काढून वेगळी बसवतात, तीन मोठी माणसं त्यांच्यामागे असतात, उरलेले वर्ग शांत होतात. हे बघून आपल्याकडे ‘अप्रगत तुकडी’ पुन्हा काढा म्हणणारे निघतात. मालिकेत तो वर्ग चाचणीचा अभ्यासक्रम घेत नाही म्हणून वरून बंद होतो, आणि बहुतेक पोरं परत जिथे होती तिथेच जातात. त्यातल्या नेमंडचं भलं झालं ते कॉल्विनने त्याला घरी नेलं म्हणून. त्याचं श्रेय त्या वर्गाला देता येत नाही. दोन शिक्षकी शाळेत तीन माणसं आणणार कुठून? रोज पाऊण तास वेगळं शिकवायचं, त्याच पोरांना, त्याच जागी, मग परत आपल्या वर्गात, एवढंच पेलतं.

मी असते तर तेवढ्या वेळात प्रेझच्या वर्गातला ड्यूकी दाखवला असता. घरचे त्याचे कपडेसुद्धा विकतात, अंगाला वास येतो म्हणून पोरं चिडवतात. प्रेझ त्याच्यासाठी डबा आणतो, शाळेत आंघोळीची सोय करतो, कपडे धुऊन देतो, आणि तो रोज यायला लागतो. मग वर्गात जागा करायची म्हणून त्याला वर्षाच्या मधेच नववीत ढकलतात. नव्या शाळेपर्यंत तो जातो आणि मागे फिरतो. आपल्याकडे सातवी-आठवीनंतर दुसऱ्या गावच्या हायस्कूलला जाताना अगदी हेच होतं. सरलवर (विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या सरकारी पोर्टलवर) नव्या शाळेची विनंती आली, आपण मान्य केली, आपल्या यादीतून नाव गेलं, काम संपलं. नाव गेलं म्हणजे पोर गेलं असं नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात हायस्कूलच्या वर्गशिक्षकांना फोन करून नावानिशी विचारा, आणि विशेष करून ज्या मुलींच्या मागे लहान भावंडं आहेत त्यांचं. पास निघाला का, एसटीची वेळ शाळेला जुळते का, हे त्याच फोनवर कळते.

तुरीच्या_शेंगा
सगळ्यायनं हजेरीवरच लिवलं, रँडी राहूनच गेला. त्या पोट्ट्याले शिक्षेचा धाक पडला तं त्यानं एका खुनाबद्दल जे माहीत होतं ते उपमुख्याध्यापिकेले सांगून टाकलं. बाईनं प्रेझले सांगितलं, प्रेझनं पोलिसातल्या जुन्या साहेबाले, तिथून कार्व्हर, कार्व्हरकडून हर्क, हे दोघंबी पोलिसच. आन् हर्कनं संशयितापुढेच पोट्ट्याचं नाव फोडलं. शेवटी घर पेटलं, पोट्टं अनाथगृहात. कोनाचाच हेतू वाईट नव्हता, फक्त नाव पाच तोंडातून गेलं.

आपल्या गावात तं दोनच तोंडं पुरे होतात. म्हनून लेकराबद्दल काही गंभीर कळलं तं स्टाफरूममधी बोलू नका, व्हाट्सॲप ग्रुपवर तं बिलकुलच नाई. १०९८ लावा, नाईतं जिल्हा बाल संरक्षण कक्षाले सांगा. लैंगिक छळाचा संशय असला तं पोक्सो कायद्याच्या कलम १९ परमानं पोलिसाले कळवनं बंधनकारक हाये, मुख्याध्यापकाच्या परवानगीची वाट पाहाची नाई. टिपणात लेकराचेच शब्द लिवा, आपला अंदाज नाई; बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं नाव जाहीर करनं गुन्हा हाये.

खडूफळा (यवतमाळ जिल्हा)
सगळ्यांचे आभार. म्हणजे चौथ्या भागातला कटी, ७२० चं उदाहरण, नवव्या भागातली बैठक. वेळ उरला तर ड्यूकी. शिव्यांचं काय करावं? मॅडम लोक असतात, शिवाय शाळेतच परिषद आहे.

कापूसकोंड्या
एकही प्रसंग शिवीशिवाय मिळणार नाही. आवाज बंद ठेवा, प्रसंग आधी मराठीत सांगा आणि चित्र चालू असताना संवाद तुम्हीच बोला. तसंही ती बोली इंग्रजी उपशीर्षकांसहसुद्धा पहिल्यांदा कळत नाही. परिषद शनिवारी सकाळच्या शाळेनंतर असेल तर पोरं आवारात असतात, खिडक्या लावा. ही मालिका मोठ्यांसाठीच आहे. क्लिपा लॅपटॉपवर आधी उतरवून ठेवा, बॅटरी भरलेली ठेवा. लाइट गेली तर कटीचा प्रसंग नुसता सांगूनही चालतो, फळ्यावरच्या हिशेबाला वीज लागत नाही.