जुनी युनिकॉर्न १५० घरीच रॅलीसाठी तयार करायची आहे, क्रम काय ठेवू?

सडा_आणि_मुरूम
गाडी: होंडा सीबी युनिकॉर्न १५०, कार्बोरेटरवाली. अलॉय चाकं, पुढे २.७५-१८, मागे १००/९०-१८. इंजिन ठीक, धूर नाही. वापर म्हणजे कोकणातला कातळसडा, घाटमाथ्यावरचे कच्चे रस्ते आणि जमलंच तर एखादी क्लबची रॅली.

डोक्यात असलेली यादी: हीरो एक्सपल्स २०० चा पुढचा सेट २१ इंची चाकासकट, फ्री-फ्लो सायलेन्सर, उघडा शंकूसारखा (कोन) एअर फिल्टर, नॉबी म्हणजे मोठ्या गाठींचे टायर, मागच्या शॉकपाखाली पट्टी लावून उंची, उंच मडगार्ड, बॅशप्लेट म्हणजे इंजिनखालचा संरक्षक पत्रा. वेल्डर आणि लेथ दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. आधी काय करू, काय सोडून देऊ?

चिमटाबुश
सायलेन्सर आणि कोन फिल्टर आत्ताच खोडा. सगळा पैसा चाकं आणि सस्पेन्शनवर जाऊ द्या.

२१ इंची चाकाचा हिशोब आधी करा. २.७५-१८ टायरची त्रिज्या साधारण ३०० मिमी, ९०/९०-२१ ची ३४८ च्या आसपास. म्हणजे फोर्क बदलायच्या आधीच नुसत्या चाकाने नाक जवळपास ५० मिमी वर. एक्सपल्सचा फोर्क १९० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा), तो वेगळा उचलणार. व्हीलबेस (दोन चाकांच्या ॲक्सलमधलं अंतर) १३४० मिमीच्या आसपास आहे. पुढची बाजू ६० मिमी उचलली आणि मागची तशीच ठेवली तर हेडचा कोन, म्हणजे हँडलच्या आसाचा कल, अडीच अंशांहून जास्त झोपतो. मग गाडी सरळ रस्त्यावर झकास आणि मुरमाच्या वळणावर पुढचं चाक बाहेर पळणारी. मागची बाजू पुढच्याइतकी उचलता येत नसेल तर २१ चा हट्ट सोडा. ९०/९०-१९ ला नाक फक्त २०-२५ मिमी वर जातं आणि मागच्या १८ शी चांगलं जमतं.

फोर्क घ्यायचा तर सुटा नको. दोन्ही टी (फोर्कच्या नळ्या धरणारे वरखालचे क्लॅम्प), ॲक्सल, चाक, डिस्क, कॅलिपर, वरचा मास्टर सिलिंडर असा एकाच गाडीचा सेट घ्या. अडतं ते स्टेमपाशी, म्हणजे हेडपाइपमधून जाणाऱ्या दांड्यापाशी. हेडपाइपची लांबी आणि वरखालच्या कोनसेटचे (हँडलच्या बेअरिंगचे) आतले-बाहेरचे व्यास कॅलिपरने मोजा, मगच स्क्रॅपवाल्याकडे जा. बहुतेक वेळा खालच्या टीमधून स्टेम प्रेसवर काढून युनिकॉर्नच्या मापाचा नवा स्टेम टर्न करून बसवावा लागतो. स्टेम कापून आर्क वेल्डिंगने जोडून देणारे भेटतील. तिथून निघून या, तो सांधा तुटला तर हँडल हातात येतं.

बसवल्यावर दोन्ही नळ्यांतल्या स्प्रिंगा काढा, फोर्क तळापर्यंत दाबा आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. टायर खालच्या टीला, मडगार्डला किंवा सायलेन्सरच्या बेंड पाइपला टेकत असेल तर ते घरीच कळू दे. उंची कमी करायला नळ्या टीमधून २० मिमी वर सरकवल्या की टायर तळाशी तेवढाच जवळ येतो, हे धरूनच मोजा.

मागे पट्टी लावू नका. मोनोशॉक आहे, तेव्हा आधी चाक आणि शॉकपच्या हालचालीचं गुणोत्तर काढा. स्प्रिंग काढून चाक १०० मिमी उचला आणि शॉकप किती आत गेला ते मोजा. समजा ४० मिमी गेला, तर गुणोत्तर २.५. १२ मिमी लांब शॉकपने मागची बाजू ३० मिमी उचलली जाईल. पट्टीने उंची मिळते, ट्रॅव्हल वाढत नाही, आणि बोल्टवर तिरका जोर येतो. लांब शॉकप बसवल्यावर चेनचा ढिलेपणा स्टँडवर बघू नका. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा (स्विंगआर्मचा) बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तिथे चेन सर्वांत ताणलेली असते. तिथे थोडा ढिलेपणा उरलाच पाहिजे, नाहीतर गिअरबॉक्सच्या बाहेरच्या बेअरिंगवर येतं.

शेवटी सॅग, म्हणजे स्वाराच्या वजनाने सस्पेन्शन किती बसतं ते. रायडिंगचा पूर्ण पोशाख घालून बसल्यावर ट्रॅव्हलचा साधारण एक तृतीयांश, म्हणजे पुढे ६०-६५ मिमी. आणि हो, साइड स्टँड तोकडा पडेल. सगळे विसरतात, मग गाडी आडवी.

कार्ब_उघडा
माझं नाव काहीही असो, मीही कोन फिल्टरच्या विरोधातच. सड्यावरची लाल धूळ पिठासारखी असते. एअरबॉक्स आहे तसा ठेवा, तोंड वर सीटखाली वळवा, आत तेल लावलेला फोम घाला. फिल्टरच्या काठाला ग्रीसची बारीक रेघ द्या. धूळ फोममधून कमी आणि काठावरच्या फटीतून जास्त जाते. पिस्टनच्या रिंगा खाणारी तीच.

ओढ हवी असेल तर ती गिअरिंगमधून मिळते. पुढे १५, मागे ४४ धरा: २.९३. पुढे १४ केलं की ३.१४, ७ टक्क्यांचा फरक, खर्च एका छोट्या स्प्रॉकेटचा. तेवढ्यासाठी मागे ४७ लावावं लागेल. मागे ४ दात वाढले की चेन २ कड्या लांब हवी. पुढचं लहान स्प्रॉकेट चिमट्यावरचं चेनरबर लवकर घासतं, तिथे लक्ष असू द्या.

ओढ्यासाठी कार्बोरेटरच्या हवेच्या (व्हेंट) नळ्या आणि इंजिनचा ब्रीदर (श्वासनळी) टाकीखाली वर नेऊन बांधा. पाण्यात बंद पडली तर सेल्फ दाबू नका. प्लग काढा, गाडी पुढे वाकवा, किक मारून पाणी बाहेर काढा. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

सडा_आणि_मुरूम
पट्टी, कोन, सायलेन्सर तिन्ही रद्द. १९ इंची सेट शोधतो. बॅशप्लेट इंजिनच्या बोल्टांवर लावली तर चालेल ना? खाली फ्रेमच नाही.

गसेट
तीच या गाडीची मेख आहे. डायमंड फ्रेम, इंजिन स्वतःच फ्रेमचा भाग. प्लेट फक्त इंजिनच्या बोल्टांवर टांगली की दगडाचा धक्का थेट क्रँककेसला. पुढचा आधार डाउनट्यूबला क्लॅम्पने घ्या, मागचा फुटरेस्टच्या आडव्या नळीवर, मध्ये १० मिमी हवा आणि रबराचे तुकडे. प्लेट ४ मिमी ५०५२ ॲल्युमिनियमची. ६०६१-टी६ दुकानदार भारी म्हणून देईल, पण ती घडीवर तडकते. ऑइल ड्रेनच्या खाली भोक ठेवा, चिखल निघायला मागे मोकळी जागा.

उंच मडगार्डची एक बाजू कुणी सांगत नाही. मूळ खालचं मडगार्ड दोन नळ्यांना जोडून ठेवणारा पूल असतो. बारीक फोर्कवरून ते काढलं की चाक एकीकडे आणि हँडल दुसरीकडे. त्याजागी ५-६ मिमीची ॲल्युमिनियमची कमान बसवा. देशावरच्या काळ्या मातीत जाणार असाल तर उंच मडगार्ड हवंच, ती माती खालच्यात भरून चाक जागीच थांबवते.

वेल्डिंग करताना बॅटरी सोडा आणि सीडीआयचा (इग्निशनच्या इलेक्ट्रॉनिक डबीचा) सॉकेट काढा. हँडलच्या लिव्हरच्या क्लॅम्पखाली प्लंबरची पांढरी टेप दोन वेढे, बोल्ट जेमतेम आवळलेला. पडल्यावर लिव्हर फिरते, मोडत नाही.

कागदपत्र
रंगाचा बेरंग करतो, पण सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातात विमा कंपनी हाच मुद्दा काढते. मूळ सुटे भाग भंगारात देऊ नका. रॅलीचे जोडरस्ते सार्वजनिक असतात, तेव्हा दिवा, हॉर्न, इंडिकेटर, नंबरप्लेट गाडीवर चालू हवीत. एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटारस्पर्धांच्या संघटनेच्या) स्पर्धेत उतरायचं तर त्यांचा परवाना लागतो, आणि त्या स्पर्धेचे नियम वाचूनच फ्रेमला हात लावा.

चिमटाबुश
चाकांचं राहिलं. अलॉय खडकावर तडकतात, आऱ्यांचं चाक वाकतं आणि आऊट (वाकडेपणा) काढून परत चालतं. नवीन बांधलेल्या चाकाचे आरे पहिल्या ५० किमीनंतर पुन्हा आवळा. नॉबीत हवा १८-२० पीएसआय ठेवा. त्याखाली जायचं तर रिमलॉक (टायर रिमला घट्ट धरणारी पकड) हवंच, नाहीतर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळातून उपटतो. सड्यावर मी २० च्या खाली सांगणार नाही, कातळाची धार रिमपर्यंत पोचून ट्यूबला दोन भोकं पाडते.

स्पीडोमीटरही विसरा. एक्सपल्सच्या चाकात युनिकॉर्नची केबल जात नाही, दुसरं चाक असलं तरी आकडा चुकेल. सायकलचा लोहचुंबकवाला कॉम्प्युटर लावा. टायरवर आणि जमिनीवर खडूची रेघ मारा, स्वार बसलेला असताना चाक एक पूर्ण फेरी पुढे न्या, अंतर मिमीमध्ये मोजून त्यात भरा. ९०/९०-१९ ला २,००० च्या आसपास येईल. टायर बदललात की परत मोजा.