‘कंप्युटेड फील्ड’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा
एका एपीआयची (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागायची सोय) माहितीपुस्तिका मराठीत लिहिते आहे. टेबलात साठवलेलं नसतं, पण जेसन (माहिती पाठवायचा मजकुरी साचा) पाठवताना सर्व्हर आयत्या वेळी काढून जोडतो, अशा फील्डला काय म्हणू? टेबलात जन्मतारीख असते, उत्तरात ‘वय’ही जातं, तसलं. ‘गणित क्षेत्र’ लिहून पाहिलं आणि स्वतःच हसले. वाचणाऱ्याला वाटायचं, पुढे भूमिती आहे.

उत्तर
‘क्षेत्र’ सोडा, ‘रकाना’ घ्या. फॉर्म भरलेल्या कुणालाही तो कळतो. ‘परिगणित’ नको, त्यात मोजदादीत धरल्याचा, यादीत घेतल्याचा अर्थ आहे. ‘संगणित’ चालेल, पण ‘संगणकीकृत’ वाचलं जाईल. माझं मत ‘साधित’ला. शाळेच्या व्याकरणातलाच शब्द: ‘गुण’ सिद्ध, ‘अवगुण’ साधित. तशी जन्मतारीख सिद्ध, वय साधित.

त्यावर दुसरं उत्तर
वयापुरतं पटलं. पण ‘ही पोस्ट मला आवडली आहे का’ असाही रकाना आपण जोडतो. तो पोस्टच्या नोंदीतून निघत नाही, विचारणारा कोण त्यावर बदलतो. जँगो रेस्ट फ्रेमवर्क या पायथनमध्ये एपीआय बांधायच्या साधनातलं ‘सिरिअलायझर मेथड फील्ड’ हे नाव म्हणून मला आवडतं: किंमत कशातून आली याबद्दल गप्प, फंक्शनने दिली एवढंच सांगतं. पीएचपीच्या लारावेल फ्रेमवर्कमध्ये ‘ॲक्सेसर’ (किंमत काढून देणारं फंक्शन), आणि नाव ‘अपेंड्स’च्या यादीत टाकलं की ते जेसनमध्ये उतरतं. पायडँटिक या पायथन लायब्ररीच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०२३) मात्र सरळ ‘कंप्युटेड फील्ड’.

पहिलं उत्तर देणारा
साधायला एकच नोंद कशाला हवी? पोस्ट आणि वापरकर्ता, दोन्हींतून साधलं. शिवाय ‘साधित’ म्हटलं की मागे कष्ट आहेत हे तरी कळतं. मी एकदा १०० पोस्टच्या यादीला असा ‘प्रतिक्रियांची संख्या’ रकाना बिनधास्त जोडला. यादीची एक क्वेरी (डेटाबेसकडे विचारणा), वर प्रत्येक पोस्टमागे एक: १०१! शेवटी मोजणी मूळ क्वेरीतच घातली.

विचारणारी
मग हे कसं वाटतं? ‘वय: साधित रकाना. जन्मतारखेवरून काढलेलं. फक्त वाचण्यासाठी, तुम्ही पाठवलंत तरी सर्व्हर त्याकडे बघत नाही.’

आणखी एक
‘काढलेलं’ तर तुम्ही न अडखळता लिहून गेलात. मग ‘काढलेला रकाना’ का नको?

विचारणारी
कारण तो रकाना काढून टाकला असं वाचलं जाईल! साधितच ठेवते.