पाचगणी: फ्लोअर हीटिंगचा मिक्सिंग व्हॉल्व्ह सारखा हंटिंग करतोय (स्थिर न राहता मागेपुढे झुलतोय)

टेबललँड_मेंटेनन्स:
नमस्कार मंडळी. पाचगणीत हॉटेलच्या तळमजल्याला फ्लोअर हीटिंग आहे, लोड साधारण ३० किलोवॅट. गॅसवरच्या हॉट वॉटर जनरेटरचं पाणी ७० अंशांना येतं, फरशीला ३८ द्यायचंय, रिटर्न ३२. गरम पाणी आणि रिटर्न मिसळणारा थ्री-वे व्हॉल्व्ह केव्हीएस १६चा (पूर्ण उघडा असताना १ बार दाबफरकाला ताशी १६ घनमीटर), तो फिरवणारा ॲक्च्युएटर ०-१० व्होल्ट, पूर्ण उघडायला १२० सेकंद. कंट्रोलरवर प्रपोर्शनल बँड (किती अंशांच्या फरकाला व्हॉल्व्ह पूर्ण हलवायचा) १० अंश, इंटिग्रल (उरलेला फरक भरून काढायचा वेळ) २० सेकंद, डेरिव्हेटिव्ह (बदलाच्या वेगावरची दुरुस्ती) ५. पहाटे सप्लाय ३० ते ४७ असा झुलतो, तीन-साडेतीन मिनिटांना एक हेलकावा. इंटिग्रल वाढवला तर हेलकावा नुसता लांबतो. व्हॉल्व्ह बदलावा का?

लूप_ट्यूनिंग_सातारा:
आकड्यांना हात लावायच्या आधी सेन्सर बघा. पाइपला प्लॅस्टिकच्या टायने बांधलेला असेल तर तो कायम मागून बोलणार. थर्मोवेलमध्ये (पाइपात पाण्यात शिरणाऱ्या बंद नळीत) घाला, पेस्ट भरा. जागा पंपाच्या पुढे; पंपातून गेलं की पाणी नीट मिसळतं. व्हॉल्व्हच्या तोंडाशी लावलात तर एका बाजूला गरम आणि दुसरीकडे गार धार असते, रीडिंग खोटं येतं.

मग कंट्रोलर मॅन्युअलवर टाका. तापमान स्थिर झालं की व्हॉल्व्ह १२ वरून १७ टक्के करा आणि घड्याळ लावून दर ५ सेकंदांनी लिहून घ्या. तीन गोष्टी हव्यात: हलायला किती वेळ लागला, एकूण वाढीच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला त्यानंतर किती, आणि एकूण किती अंश वाढलं. तसंच १७ वरून परत १२ वर या. जुन्या तापमानाला येत नसेल तर ॲक्च्युएटरचं कपलिंग ढिलं आहे, ट्यूनिंगने ते सुटणार नाही.

टेबललँड_मेंटेनन्स:
सेन्सर टायनेच बांधला होता, आता वेलमध्ये आहे. १५ सेकंद, ४० सेकंद, ४ अंश. परतताना जागेवर आलं.

लूप_ट्यूनिंग_सातारा:
५ टक्क्यांना ४ अंश, म्हणजे टक्क्याला ०.८. अपेक्षित प्रतिसाद थांब्याच्या (हलायला लागलेल्या १५ सेकंदांच्या) तिप्पट, ४५ सेकंद धरू. गेन (एका अंशाच्या फरकाला व्हॉल्व्ह किती टक्के हलवायचा) = ४० ÷ (०.८ × (४५ + १५)) = ०.८३. बँड म्हणजे १०० ÷ ०.८३, जवळपास १२० अंश. तुम्ही १० ठेवलाय, बारा पट आक्रमक! इंटिग्रल ४० सेकंद, डेरिव्हेटिव्ह शून्य. हेलकावे याने थांबतील.

पाणी_आणि_पाइप:
हेलकावे थांबतील, पण दुखणं पाइपिंगमध्ये आहे. ३८ मिळवायला गरम पाण्याचा वाटा (३८ − ३२) ÷ (७० − ३२), म्हणजे फक्त १६ टक्के. सगळं काम व्हॉल्व्ह उघडायच्या सुरुवातीच्या भागात चाललंय. सरळ हिशोबाने ५ टक्क्यांना १.९ अंश यायला हवे होते, तुम्हाला ४ आले. तिथे तो धाडकन पाणी सोडतो.

गरम वाटा वाढवायला जनरेटर ५० वर आणू नका. साधा जनरेटर असेल तर रिटर्न ५५ च्या खाली गेलं की धुरातल्या वाफेचं आत पाणी होतं आणि ते आम्लधर्मी पाणी पत्रा खातं. त्याऐवजी फरशीच्या रिटर्नमधून पंपाच्या आधी, सप्लायमध्ये, बॅलन्सिंग व्हॉल्व्ह (प्रवाह ठरवून ठेवणारा) लावून कायमचा बायपास काढा. एकूण प्रवाह ताशी ४.३ घनमीटर, त्यातला दोन-तृतीयांश बायपासने फिरवा. व्हॉल्व्हमधून ५० अंशांचं पाणी निघेल आणि गरम वाटा ४७ टक्क्यांवर येईल, अगदी मधोमध.

व्हॉल्व्ह मात्र तेव्हा बदलाच. त्यातून ताशी फक्त १.४३ घनमीटर जाईल. केव्हीएस १६ वर दाब जेमतेम ०.८ किलोपास्कल पडेल आणि कंट्रोल ढिला होईल. केव्हीएस ६.३ घ्या, ५ किलोपास्कल मिळतात. हाय लिमिट थर्मोस्टॅट (पाणी जास्त तापलं तर पंप बंद करणारा) वेगळा, थेट पंपाच्या वायरिंगमध्येच राहू द्या.

लूप_ट्यूनिंग_सातारा:
बायपासनंतर माझे आकडे वापरू नका. टक्क्यामागे वाढ बरीच कमी होईल आणि १२० चा बँड फार सुस्त ठरेल. तीच चाचणी ४५ ते ५० टक्क्यांत पुन्हा घ्या.