निर्वासितांना आधी काय हवे : समुपदेशन की निवारा?

अबोली : समाजकार्याच्या अभ्यासासाठी बांगलादेशातल्या कॉक्स बझारमधील रोहिंग्या छावण्यांविषयी वाचत आहे. ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक लोक तेथे आले आणि त्यांतील कित्येकांनी घरची माणसे डोळ्यांदेखत गमावली होती. अशांना आधी मानसोपचार द्यावेत, की ताडपत्री आणि तांदूळ?

केदार : असे आधी-नंतर ठरवताच गल्लत होते. आपत्तीतील मानसिक आरोग्याविषयी २००७ साली जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांत अन्न, निवारा आणि सुरक्षितता हा मानसिक आधाराचाच पाया मानला आहे. तज्ज्ञांचे उपचार सर्वांत वरच्या थरात येतात, कारण त्यांची गरज तुलनेने थोड्यांना असते. छावणीतला संडास लांब आणि वाट अंधारी असली, की बायका संध्याकाळनंतर पाणी पिणेच टाळतात. ही भीती समुपदेशनाने जाणार नाही; तेथे वाटेवर दिवा आणि दाराला आतून कडी हवी.

मीरा : हे मान्य, पण एक हरकत आहे. सुरक्षितता मिळाल्यावर बहुतेकांचा त्रास ओसरतो हे खरे असले, तरी ज्यांना महिनोन्‌महिने झोप लागत नाही किंवा तीच घटना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येते, त्यांना दिवा लावून भागत नाही. शिवाय लोकांना बोलते करण्याची घाई नको. झाले ते सगळे सांगायला कोणालाही भाग पाडू नये, हा मानसिक प्रथमोपचाराचा (संकटानंतर लगेच द्यायच्या प्राथमिक आधाराचा) साधा नियम आहे, आणि अहवालासाठी मुलाखती घेणारे (आपण विद्यार्थीही त्यांतच आलो) तो सर्रास मोडतात.

सिंधुपुत्र : आमचे आजोबा फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी बराकींत आले, त्याच छावणीचे १९४९ मध्ये उल्हासनगर झाले. त्यांनी सिंधबद्दल फारसे कधी सांगितले नाही, तेव्हा धंद्यात जम बसला म्हणजे दुःख संपले, असे मी म्हणणार नाही. परंतु त्यांना नागरिकत्व मिळाले आणि दुकान थाटता आले. म्यानमारच्या १९८२ च्या कायद्याने बहुतांश रोहिंग्यांना नागरिकत्वाबाहेर ठेवले आणि बांगलादेशात त्यांना रीतसर नोकरी करता येत नाही. त्यातच २०२३ मध्ये निधीअभावी माणशी मासिक अन्नमदत १२ डॉलरवरून ८ डॉलरवर आली. कमावत्या वयाचा माणूस वर्षानुवर्षे शिध्याच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा त्याचा आघात केवळ भूतकाळातला कसा म्हणावा? अबोली, तुमच्या अभ्यासात रोजगारबंदीचा विचार मानसिक आरोग्याच्या प्रकरणातच करा.