धीर धरायला पुन्हा कुठे शिकलात? (अनुभव धागा)

ओसरी

मावशीने गावाहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी देवकापसाची पिशवी पाठवली. परसातल्या झाडाचा कापूस, सरकीसकट. पिशवी उघडली आणि आजी आठवली. एका चातुर्मासात तिने लाख वातींचा नेम धरला होता. दुपारची झाकपाक झाली की भिंतीला टेकून बसायची. सरकी काढायची, कापूस हाताने पिंजायची, बोटाला दुधाचा थेंब लावून फुलवात वळायची. शंभर झाल्या की पुडी बांधून डब्यात. आम्ही नातवंडं भोवती भांडत असायचो, रेडिओ चालू असायचा, कुणी ना कुणी दारात यायचं. ती सगळ्यांशी बोलायची, पण हात थांबत नसे. आणि घाईही नसे. "अजून किती राहिल्या" हे तिच्या तोंडून ऐकल्याचं मला आठवत नाही.

मीही पिशवी घेऊन बसले. फोन आतल्या खोलीत. सुरुवातीला हात कापसात आणि कान आतल्या खोलीकडे. मग केव्हातरी कानही इकडे आला. रात्री जेवताना लेक म्हणाली, आई आज तू हळू बोलतेयस.

मला मनापासून वाटतं की आपल्यातला धीर संपलेला नाही, त्याला बसायला जागा उरलेली नाही. पूर्वी बँकेत, एसटी स्टँडवर, दवाखान्यात, पोस्टात थांबावंच लागायचं. त्या थांबण्यात मन आपोआप निवायचं. आता असा प्रत्येक तुकडा फोन खाऊन टाकतो. तुम्ही ती जागा कशी परत मिळवली? उपाय नकोत, अनुभव लिहा. छोटे, अर्धवट, कसेही चालतील.

चिमणचारा

पिठाची गिरणी राहिली की! डबा रांगेत ठेवायचा आणि त्या पट्ट्याच्या आवाजात उभं राहायचं. गहू, मग ज्वारी, मग कुणाचं तरी बेसन. आमच्या गिरणीवाले काका पिठाला हात लावूनच सांगायचे बारीक झालं की जाड. सविस्तर नंतर लिहिते, कुकर झालाय.

घाटमाथा

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात विपश्यना या ध्यानपद्धतीचं दहा दिवसांचं शिबिर केलं, त्याबद्दल लिहितो. पोचल्या पोचल्या फोन, पुस्तकं, वही-पेन सगळं जमा. आर्य मौन, म्हणजे शेजारच्याशी खाणाखुणासुद्धा नाहीत. पहाटे चारला घंटा. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा, नाकपुडीपाशी. श्वास बदलायचा नाही, मोजायचा नाही, नुसता बघायचा. चौथ्या दिवशी खरी विपश्यना सुरू होते, म्हणजे अंगावरच्या संवेदना नुसत्या बघायच्या, आणि त्यानंतर रोज तीन वेळा तासभर न हलता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणतात.

सगळ्यांना गुडघे आठवतात. मला आठवते ती खाज. गालावर कुठेतरी खाज सुटते आणि हात उचलायचा नाही. इतकी वाढते की आता दुसरं काही सुचणारच नाही असं वाटतं. आणि मग ती जाते. आपोआप. आपण काहीही न करता. हे वाचून काही वाटणार नाही, पण शरीराला ते एकदा कळलं की पुढे फार उपयोगी पडतं. आता फोन वाजला की हात उठतो तेव्हा मला तीच खाज ओळखू येते. थोडं थांबतो. बहुतेक वेळा जाते.

शिबिराची फी नसते. आधी शिबिर करून गेलेल्यांच्या दानावर पुढच्यांचं जेवणखाण चालतं. ही शिबिरं सुरू करणाऱ्या गोएंका गुरुजींच्या काळापासून, म्हणजे इगतपुरीला 1976 मध्ये केंद्र सुरू झालं तेव्हापासून, हीच पद्धत. फुकट जेवताना मला आधी अवघड वाटलं. नंतर वाटलं, कुणीतरी आपल्याला न ओळखता आपल्या शांततेचा खर्च उचललाय. त्यामुळे मध्येच उठून जावंसं वाटलं तरी गेलो नाही.

रुळावरून

इगतपुरीचं नाव निघालंच आहे म्हणून. पूर्वी मुंबईहून निघालेल्या गाड्यांचं इंजिन इगतपुरीला बदलायचं, कारण तिथपर्यंत डीसी वीज आणि पुढे एसी. कसाऱ्याला मागे बँकर इंजिनं लागायची ती वेगळीच. कसारा ते इगतपुरीमधल्या थळ घाटाचा चढ 37 ला 1 आहे, म्हणजे 37 फूट पुढे गेलं की 1 फूट वर, बहुतेक गाड्या मागून ढकलल्याशिवाय वर येत नाहीत. बँकर आजही बऱ्याच गाड्यांना लागतात. इंजिन बदलेपर्यंत लोक खाली उतरायचे, पाय मोकळे करायचे, वडे घ्यायचे, पावसाळ्यात धुकं अंगावर घ्यायचे. "गाडी का थांबली" असं कुणी चिडून विचारायचं नाही, कारण सगळ्यांना माहीत असायचं. मला वाटतं थांबण्याचं कारण माहीत असलं की माणूस चिडत नाही.

मिठाची_पुडी

एकाच स्टेशनावर एकाला विपश्यना आणि दुसऱ्याला गरम वडा. इगतपुरी कुणाला रिकाम्या हाताने पाठवत नाही :)

खर्ज

माझा अनुभव तंबोऱ्याचा. गाणं शिकायला लागले तेव्हा फोनवरच्या तानपुऱ्यावर रियाज करायचे. सोय मोठी. पण सकाळी खर्ज (खालच्या सप्तकातला सा) लावून बसलं की मध्येच स्क्रीन उजळायची आणि सा तिथेच तुटायचा. गाण्याच्या बाई म्हणाल्या, खरा तंबोरा घे. मिरजेहून आणला. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.)

तंबोरा आला आणि गाणं बाजूलाच राहिलं, आधी तो जुळवायचाच अभ्यास. खुंटी पिळायची, मग मणी सरकवायचा, मग जवारी, म्हणजे तारेची गुंज जुळवायची. घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा असतो, तो केसभर पुढेमागे सरकवायचा. एका ठिकाणी तार नुसती वाजते. केसभर पुढे गेलं की खुलते, तिच्या आतून आणखी स्वर ऐकू यायला लागतात. ती जागा डोळ्यांनी दिसत नाही आणि घाईने सापडत नाही. हवा दमट असली की काल लागलेला तंबोरा आज उतरलेला असतो, पुन्हा पहिल्यापासून.

आधी वाटायचं रियाजाचा वेळ वाया चाललाय. बाई म्हणायच्या, हाच रियाज. आज विलंबित (संथ लयीतला) ख्याल ऐकताना मला कळतं की गवई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायला इतका वेळ का घेतो. पूर्वी मी पुढे ढकलून द्रुत (जलद) ऐकायचे.

चिमणचारा

खर्ज, काय सुंदर लिहिलंयस गं! तंबोऱ्याचे भोपळे मंगळवेढ्याकडचे असतात ना?

खर्ज

हो, पंढरपूर-मंगळवेढा भागातले. वाळवलेले. आमच्या कारागिरांकडे माळ्यावर रांगेने ठेवलेले असतात.

दुपारपाळी

सगळ्यांचं वाचतेय, छान वाटतंय. पण माझं थोडं वेगळं आहे. मी रुग्णालयात काम करते, घरी वडील अंथरुणाला खिळलेले. फोन आतल्या खोलीत ठेवणं मला जमणारच नाही. दहा दिवस बाहेर जाणं तर विसराच. म्हणून शांतता ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांचीच असते का, असं मनात येतं.

मी एवढंच केलं की ठरावीक नंबर सोडून सगळ्यांची वाजण्याची सोय काढून टाकली. वाजला म्हणजे खरंच काम आहे, नाहीतर नाही. त्याने इतका फरक पडला की पूर्वी प्रत्येक टिंग झाली की छातीत धस्स व्हायचं, ते गेलं.

आणि दुसरं म्हणजे परतीची लोकल. आमच्या डब्यात ठरलेल्या बायका असतात. कुणी मेथी निवडतं, कुणी मटार सोलतं, थंडीत तर सगळा डबा मटार. शेजारणीची पिशवी आपण घ्यायची आणि तिने जरा डोळे मिटायचे. बोलणं होतं, नाहीही होत. डोंबिवली येईपर्यंत भाजी तयार आणि डोकं हलकं. कुणी याला ध्यान म्हणणार नाही, पण माझ्यासाठी तेच.

ओसरी

दुपारपाळी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमचा प्रश्न खरा आहे, तो मी धागा काढताना मांडला नाही ते बरंच झालं, कारण तुम्ही तो माझ्यापेक्षा चांगला मांडलात. माझ्या आजीलाही मोकळा वेळ नव्हताच, नऊ माणसांचं घर होतं. वडिलांना आराम पडो. कधी नुसतं बोलावंसं वाटलं तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

घाटमाथा

+१. मटाराचा डबा मला शिबिरापेक्षा कमी वाटत नाही.

खटपट्या

थोडं तांत्रिक बोलतो, कारण बरेच जण स्वतःलाच दोष देतात आणि ते मला बघवत नाही. मी याच क्षेत्रात काम करतो. बोटाने वर सरकवत राहिलं की पान संपतच नाही, ही युक्ती एझा रास्किन यांनी 2006 मध्ये आणली. पुढे त्यांनीच तिच्या परिणामांबद्दल जाहीर खंत व्यक्त केली आहे. पूर्वी पान संपायचं, खाली "पुढील पान" असं असायचं आणि तिथे मन क्षणभर विचारायचं, पुरे का? तो प्रश्नच काढून टाकला.

दुसरं, खाली ओढून सोडलं की नवं काहीतरी येतं, कधी येतं कधी येत नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा दर वेळी मिळाला तर कबुतर पोट भरल्यावर थांबतं. कधी मिळेल याचा नेम नसेल तर टोचतच राहतं. आपल्या हातातही तेच दिलंय.

ग्लोरिया मार्क या संशोधिका लोक एका पडद्यावर किती वेळ टिकतात ते मोजत आल्या आहेत. 2004 च्या सुमारास सरासरी अडीच मिनिटं होती, अलीकडच्या वर्षांत सुमारे 47 सेकंद. माणसं एवढ्यात बदलली नाहीत, त्यांच्या समोरची वस्तू बदलली.

मी फोन कृष्णधवल करून ठेवलाय. सेटिंगमध्ये असतं. रंग गेले की लाल ठिपकेही राखाडी होतात, आणि हात स्वतःहून खाली जातो.

पिल्लूची_आई

बाळ मांडीवर झोपलंय, एका हाताने लिहितेय. खटपट्या, आत्ताच करून बघितलं. बाळाचा फोटो पण राखाडी झाला :( तेवढा रंगीत ठेवता येतो का?

खटपट्या

फोटो रंगीतच असतो, फक्त पडदा राखाडी दाखवतो. बाजूचं बटण तीनदा दाबलं की रंग परत, अशी सोय बऱ्याच फोनमध्ये लावता येते. बाळाला बघायला मात्र पडदा नकोच, मांडीवर आहे ना.

येरळाकाठ

आमच्या भागातलं सांगतो. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथं पाहुणे आहेत आमचे. 2022 च्या ऑगस्टपासून तिथं रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही बंद, मोबाइल बंद. दीड तास. साडेआठला परत सुरू. करोनात शाळा मोबाइलवर आल्या आणि पोरं त्यातनं बाहेरच येईनात, म्हणून गावानं ठरवलं.

मी एकदा त्या वेळेला तिथं होतो. भोंगा वाजला आणि पाहुण्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. ठेवला बाजूला. पोरं पाटीवर अभ्यासाला बसली, बायका ओट्यावर आल्या, म्हातारी माणसं बोलायला लागली. मला लई बरं वाटलं. एकट्यानं फोन बंद केला की मागं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. तिथं सगळ्यांचाच बंद असतो, मग राहून जायला काही उरतच नाही. आमच्या गल्लीत मी हे बोलून बघितलं. अजून जमलं नाही, पण दोन घरं तयार झालीत.

मिठाची_पुडी

दोन घरं म्हणजे सुरुवात झाली की. तिसरं तुमच्या शेजाऱ्यांचं बघा, त्यांच्या पोरांनाच ठरवू द्या.

पाऊलखूण

मी मिनेसोटात. आईशी रोज व्हिडिओवर बोलते, पण ते बोलणं म्हणजे "जेवलीस का, बर्फ पडला का" आणि दोघींची नजर दुसरीकडेच. मग मी तिला कागदावर पत्र लिहायला लागले. नाशिकला पोचायला आठवडे लागतात. तिचं उत्तर आलं तर त्यात जुनी हकिकत, तोपर्यंत फोनवर कळून गेलेली. तरी पत्रातली आई निराळी असते. तिने बाबांबद्दल असं काही लिहिलं जे समोर बसून तिने कधीच सांगितलं नसतं. आता वाट बघणं हाच त्यातला आनंद झालाय. पेटी रोज उघडते, रिकामी असली तरी वाईट वाटत नाही.

चिमणचारा

आले परत. पाऊलखूण, डोळे भरून आले.

माझं आहे कुरडयांचं. सासूबाई गेल्यापासून विकतच्याच आणत होते. या उन्हाळ्यात घरी घातल्या. गहू तीन दिवस भिजत घालायचे, पाणी रोज बदलायचं, नाहीतर वास येतो. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. मग तेवढंच पाणी मीठ-हिंग घालून उकळायचं आणि त्यात चीक ओतत घोटायचा, एकीने ओतायचं दुसरीने घोटायचं. गरम असतानाच सोऱ्यातून पाडायच्या. लेकाला वाटलं होतं हे तासाभराचं काम आहे. रोज विचारायचा, झालं का? चौथ्या दिवशी विचारायचा बंद झाला आणि स्वतःच फडकं बाजूला करून वास घेऊन आला, म्हणाला, आई, आज आंबलंय. गच्चीवर राखणीला पण तोच बसला होता, कबुतरं हाकलत. फोन मागितला नाही दुपारभर. मी काही बोलले नाही, त्याच्यासमोर गरम चिकाची वाटी ठेवली, दूध-साखर घालून.

पिल्लूची_आई

चीक दूध-साखर! आमच्याकडे तेल-तिखट घालून खातात. गहू कोणता घेतलास? मी लोकवनच आणते नेहमी, चालेल?

चिमणचारा

चालतो, मीही लोकवनच घेतला. तेल-तिखट आमच्या सासरीही, दूध-साखर माहेरची. मात्र ऊन कडक हवं, ढगाळ असेल त्या आठवड्यात भिजत घालू नकोस.

दुपारपाळी

चिमणचारा, चिकात पाणी तेवढंच म्हणजे चिकाएवढं ना? आमच्या डब्यात एकजण दीडपट सांगते.

चिमणचारा

चिकाएवढंच. पण वरचं पाणी नीट निथळलं असेल तर, म्हणजे चीक घट्ट असेल, तर दीडपटही लागतं. ती बरोबर सांगतेय. घोटताना पारदर्शक दिसायला लागला की झालं. तुमच्या डब्यात पुढच्या उन्हाळ्यात कुणी घातल्या तर इथे सांगा.