रातकिड्याची ‘किरकिर’ की ‘साद’?

प्रश्न : येऊरच्या निसर्गफेरीसाठी मुलांना वाचायला माहितीपत्रक लिहीत आहे. ठाण्यात आपण सर्रास ‘रातकिडे ओरडतात’ म्हणतो. ‘ओरडणे’, ‘किरकिरणे’ आणि ‘साद घालणे’ यांपैकी कोणते योग्य ठरेल?

उत्तर : ‘ओरडणे’ टाळावे, कारण हा आवाज घशातून येतच नाही. नर रातकिडा पुढचे दोन पंख किंचित उचलून एकमेकांवर घासतो. वरच्या पंखाच्या खालच्या अंगाला सूक्ष्म दातांची रांग असते, तिच्यावरून दुसऱ्या पंखाची टणक कड फिरली की पंखांचे पातळ पापुद्रे थरथरतात आणि नाद उमटतो. ‘किरकिरणे’ ध्वनीला धरून आहे, बोलीत रुळलेले आहे, वर्णनात खुशाल वापरावे. परंतु ‘किरकिर’ म्हटले की मराठी कानाला कुरकुर आणि विनाकारण लावलेला तगादा ऐकू येतो, आणि नराचा आवाज विनाकारण मुळीच नसतो.

एका जागी बसून तो मादीला बोलावत असतो. बहुतेक जातींत मादी मुकीच असते. पुढच्या पायांवर, गुडघ्याखाली असलेल्या कानांनी ऐकत ती त्याच्या रोखाने येते. म्हणून याला ‘साद’ म्हणावे. ती जवळ पोचली की सूर मंदावतो, तिथे ‘आर्जव’ शोभेल. दुसरा नर समोर आला तर मात्र आवाज चढतो, झुंज जुंपते आणि जिंकलेला नर पुन्हा तसाच गर्जतो. ही सरळ ‘ललकारी’ आहे. एकट्या ‘किरकिरी’त हे तिन्ही अर्थ बुजून जातात, याची मला खंत वाटते.

सादेची किंमतही पत्रकात यावी. हवाई बेटांवर एक परजीवी माशी आवाजाचा माग काढत नरापर्यंत पोचते आणि तिच्या अळ्या त्याला आतून पोखरतात. त्यांतल्या काउआई बेटावर मोजक्या पिढ्यांत बहुसंख्य नरांच्या पंखांवरची नादरचनाच नाहीशी झाल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. हे मुके नर साद घालणाऱ्या एखाद्याच्या आसपास राहतात आणि त्याच्याकडे निघालेल्या मादीला वाटेत गाठतात. आपल्या दक्षिण भारतातल्या एका झाडरातकिड्याची तऱ्हा याच्या उलट : तो पानाला भोक पाडून त्यात बसतो, त्यामुळे त्याची साद अधिक मोठी होते.

पुरवणी प्रश्न : मग मे महिन्यात भरदुपारी झाडांवरून येणारा कर्कश आवाज?

उत्तर : तो सिकाडाचा. त्यालाही पुष्कळ जण रातकिडाच म्हणतात, पण त्याचा नाद पोटाच्या दोन्ही बाजूंच्या पडद्यांतून निघतो. पंख घासण्याचे वर्णन त्याला लावू नये.