मदत हवी आहे: घोड्याच्या निगेवरची परदेशी मासिकं आपल्याकडे कितपत लागू पडतात?

रानमळा

घरी एक मारवाडी घोडी आणि एक लहान चणीचं तट्टू आहे. मुक्काम फलटणजवळ. पशुवैद्य आहेत, पण त्यांचं सगळं काम गाई-म्हशींचं. घोडा म्हटलं की तेही जपूनच बोलतात. ओळखीतून अमेरिकन आणि ब्रिटिश अश्वमासिकांचा मोठा गठ्ठा मिळालाय. १९८० च्या दशकापासून अलीकडचे अंक आहेत. वाचायला घेतले, पण गोंधळच वाढला.

एक अंक म्हणतो जंताचं औषध दर दोन महिन्यांनी बदलून द्या, दुसरा म्हणतो असं मुळीच करू नका. खाद्याची मापं 'फ्लेक' आणि 'क्वार्ट'मध्ये, गवत टिमथी. आमच्याकडे कडबा, हत्तीघास, थोडी लसूणघास, गव्हाचा कोंडा आणि हरभरा. डोस ५०० किलोच्या घोड्याचे, आणि आमच्याकडे एवढा मोठा वजनकाटा नाही. कुठलं घ्यायचं, कुठलं सोडायचं, आणि मासिकांत काय येतच नाही ते जाणकारांनी सांगावं. औषध लिहून मागत नाहीये.

पागा

आधी अंकाचं साल बघा, मग मजकूर. जंतांबाबत तुम्हाला दिसलेला विरोध सालाचाच आहे. आलटून पालटून औषध देण्याची पद्धत जुन्या अंकांच्या काळात सर्वमान्य होती. त्यातून औषधांना दाद न देणारे जंत तयार झाले. अमेरिकेच्या अश्ववैद्यांच्या संघटनेने २०१३ साली मार्गदर्शन बदललं: आधी लिदीतली अंडी मोजा, मग औषध ठरवा. प्रौढ घोड्यात ग्रॅमला २०० पेक्षा कमी अंडी म्हणजे कमी, ५०० च्या वर म्हणजे जास्त. कळपातले वीस-तीस टक्के घोडेच बहुतेक अंडी टाकतात, म्हणून सगळ्यांना सरसकट पाजणं वाया जातं. औषधानंतर १० ते १४ दिवसांनी पुन्हा मोजलं की औषध चालतंय का ते कळतं. शिंगरांचा हिशोब वेगळा, त्यांना हे आकडे लावू नका.

हंगामही उलटा धरा. तिकडचे लेख म्हणतात थंडीत अळ्या मंदावतात. आपल्याकडे कुरणावरच्या अळ्या एप्रिल-मेच्या उन्हात मरतात आणि पावसाळ्यात फोफावतात. तेव्हा आठवड्यातून दोनदा लीद उचलायची ती जून ते ऑक्टोबरात.

आणखी एक. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध घोड्याला तोंडावाटे देतात. गाईचं इंजेक्शन घोड्याला टोचू देऊ नका, टोचल्या जागी स्नायू सडण्याचे गंभीर प्रकार झालेले आहेत.

कडबाकुट्टी

खाद्याचं मी सांगतो, कारण खरी गल्लत तिथेच होते.

फ्लेक म्हणजे चौकोनी गठ्ठ्याचा एक थर. दीड किलोचा असतो तसा तीन किलोचाही. क्वार्ट हे आकारमान, अमेरिकन असेल तर जेमतेम एक लिटर. एक क्वार्ट ओट अर्धा किलोही भरत नाही, तेवढाच मका पाऊण किलोच्या वर जातो. डब्याने मोजणं सोडा, तोबऱ्यात पडणारं सगळं तराजूवर घ्या.

सगळीकडे लागू पडणारा नियम वजनाच्या टक्क्यांचा आहे. कोरडा चारा वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे ३०० किलोच्या घोड्याला साडेचार किलो, त्यावर भूक आणि काम बघून. चंदी, म्हणजे दाणा, एका वेळी भरमसाट नको: जठर लहान, आणि लहान आतड्यात न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबला की पोटशूळ किंवा खुरांचा दाह. एका वेळी किलो वजनाला १ ग्रॅम स्टार्च ही मर्यादा धरली, तर ३०० किलोला ओट पाऊण किलोच्या आत, जव अर्धा किलो. मीठ रोज शंभर किलोंना १० ग्रॅम. खाद्य बदलायचं तर आठ-दहा दिवसांत हळूहळू.

टिमथीच्या जागी मारवेल किंवा पवन्याचं वाळलेलं गवत उत्तम. कडब्याची जाड धाटं आणि अपुरं पाणी मिळून आतडं तुंबतं. कुट्टी बारीक करा, भिजवून द्या. हिरवी कोवळी ज्वारी देऊ नका. सायनाइडचा धोका तर आहेच, शिवाय ज्वारी-सुदान गवताने घोड्याचं मूत्राशय सुजतं आणि मागचे पाय लटपटतात.

आता हत्तीघास. याबद्दल ब्रिटिश मासिकांत अवाक्षर सापडणार नाही, कारण तिथे हे गवतच नाही. नेपियर (म्हणजेच हत्तीघास), पॅरा, अंजन या उष्ण प्रदेशातल्या गवतांत ऑक्झलेट नावाचं द्रव्य जास्त असतं. गाईच्या पोटातले जीवाणू ते बऱ्यापैकी फोडतात. घोड्यात मात्र ते लहान आतड्यातच कॅल्शियमला बांधून ठेवतं आणि कॅल्शियम अंगी लागत नाही. शरीर मग हाडांतून ते काढतं. आज या पायाने, उद्या त्या पायाने लंगडणं, चावायला त्रास, पुढे चेहऱ्याची हाडं फुगणं.

रानमळा

बापरे. आम्ही हत्तीघास आणि कोंडा दोन्ही रोज देतो. म्हशीला मानवतं म्हणून.

कडबाकुट्टी

नेमकी हीच जोडी वाईट. कोंड्यात कॅल्शियमच्या जवळपास दहापट फॉस्फरस असतो: किलोत साधारण १२ ग्रॅम फॉस्फरस, सव्वा ग्रॅम कॅल्शियम. घोड्याच्या एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीडपट तरी हवं. एका बाजूने गवत कॅल्शियम अडवतंय, दुसऱ्या बाजूने कोंडा फॉस्फरस ओततोय.

हत्तीघास बंद करून वाळलेलं गवत आणा, त्यासोबत लसूणघास वाढवा. कोंडा सोडायचा नसेल तर किलोमागे ४० ते ४५ ग्रॅम खाद्याच्या प्रतीची चुनखडी पूड मिसळली की कोंड्यापुरता हिशोब जुळतो. हत्तीघासाचं नुकसान त्याने भरून निघत नाही. पानात खायचा चुना वापरू नका, तो तोंड आणि घसा भाजतो. जुन्या अंकांत आठवड्यातून एकदा गरम कोंड्याची पेज द्या असं हमखास सापडेल. ती प्रथा पचनाच्या दृष्टीने आता कुणी उचलून धरत नाही, अचानक केलेला खाद्यबदल एवढंच तिचं रूप.

म्हशीचं तयार पशुखाद्य किंवा कोंबडीखाद्य घोड्यासमोर ठेवू नका. त्यात मोनेन्सिन (गाई-कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते औषध) मिसळलेलं असेल तर गाईला सोसणारी मात्रा घोड्याचं हृदय बंद पाडते. बुरशी आलेला मकाही तसाच: त्या विषाने मेंदू सडतो. पावसाळ्यात पोतं उघडून वास घेतल्याशिवाय दाणा काढू नका.

पागा

वजन टेपने काढा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११८८०. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर साधारण ३०२ किलो. हे सूत्र प्रौढ घोड्याचं. शिंगरू आणि गाभण घोडीला चालणार नाही.

अमेरिकन मासिकातलं तापमान फॅरनहाइटमध्ये असतं. आपल्याला लक्षात ठेवायचं ते विश्रांतीत ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. हिरडी दाबून सोडली की दोन सेकंदांत रंग परत यावा. हे कुठल्याही देशात सारखंच, म्हणून मासिकांतले हे लेख बिनधास्त वाचा. रोज सकाळी सावलीत मोजून आपल्या जनावराचा नेहमीचा आकडा लिहून ठेवा. पोटदुखीत नाडी साठच्या वर गेली तर वाट बघत बसायचं नाही.

जुन्या अंकांतल्या दोन गोष्टी खोडून टाका. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतू नका, ही एक. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधीच्या अभ्यासांत ती भीती खोटी ठरली. अंगभर गार पाणी ओतत राहणं हाच सगळ्यात जलद उपाय. दुसरी, पोटशूळ झालेल्याला तासन् तास फिरवणं. थोडं चालवा, फार लोळत असेल तर आवरा, खाद्य काढून घ्या, डॉक्टर बोलवा. बाटलीने किंवा बांबूच्या नळीने तेल पाजू नका. घोड्याला उलटी होत नाही, आणि तेल फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

खूरखबर

खुरांवरचे लेख तसेच्या तसे चालतात, फक्त काळ बघा. छाटणी सहा ते आठ आठवड्यांनी, नाल असेल तर त्याच मुदतीत नवी बांधणी. नाल झिजली नाही म्हणून नालबंदाला लांबवायचं नाही, खूर नालेवरून वाढत जातो. महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढ, म्हणजे पुढचा भाग पूर्ण नवा यायला बहुधा वर्ष लागतं. भेगेवरचा लेप आठवड्यात परिणाम दाखवतो म्हणणारी जाहिरात यावरून ओळखा. पावसाळ्यात तळव्याच्या त्रिकोणी भागातली चीर रोज साफ करा. काळा, घाण वास येणारा मळ निघाला तर आधी ठाण कोरडं करा, औषध नंतर.

पागा

मासिकांत न येणाऱ्या आजारांचं राहिलं. पहिला सर्रा, रक्तातल्या सूक्ष्म परजीवीचा आजार. डास नव्हे, गोमाश्या तो पसरवतात. ताप येतो-जातो, नीट खाऊनही घोडा वाळतो, पाय आणि पोटाखाली सूज. ताप असतानाच रक्ताचा नमुना घ्यायला सांगा, एरवी जंतू सापडेलच असं नाही. दुसरा शेंबा, म्हणजे ग्लँडर्स: नाकातून चिकट स्राव, अंगावर गाठी फुटून व्रण. हा माणसालाही होतो, कळवणं कायद्याने बंधनकारक आहे आणि त्यावर उपचार करत नाहीत. तपासणी हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. घोडा सारंगखेड्यासारख्या बाजारातून आणलात तर हे दोन्ही डोक्यात ठेवा.

औषधांचंही बघा. अमेरिकन लेखात सांधेदुखीला डायक्लोफेनॅकचं मलम दिसेल. ते दिलेली जनावरं मेल्यावर खाऊन गिधाडं मरतात, म्हणून आपल्याकडे २००६ पासून जनावरांसाठी ते बंद आहे.

रानमळा

लीद तपासायला कुठे? आणि गठ्ठ्यातलं आधी काय वाचू?

पागा

तालुक्याच्या पशुवैद्यकांना विचारा, जिल्ह्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेत पाठवता येते. ताजी, बारा तासांच्या आतली लीद, हवा काढून बांधलेल्या पिशवीत, थंड. बर्फ होऊ द्यायचा नाही. 'अंडी आहेत' एवढंच लिहून आलेला अहवाल उपयोगाचा नाही, ग्रॅमला किती हा आकडा मागा.

वाचनात 'इक्वस'चे अंक असतील तर ते आधी, त्याचा भर आरोग्यावर आहे. 'हॉर्स अँड हाउंड' जुनं आणि नामांकित, १८८४ पासूनचं, पण त्यात शर्यती, शिकार आणि स्पर्धा जास्त. पूरक खाद्यावरच्या लेखात प्रयोगाला किती घोडे होते आणि न दिलेल्या घोड्यांशी तुलना केली का ते शोधा. दोन्ही नसेल आणि शेजारच्या पानावर त्याच डब्याची जाहिरात असेल, तर पान उलटा. गवत आणि ऑक्झलेटसाठी ऑस्ट्रेलियाचं, विशेषतः क्वीन्सलँडचं साहित्य बघा. गवतं आणि हवा आपल्याजवळची आहेत.

कडबाकुट्टी

विषारी झाडांच्या याद्याही बदलून घ्या. रॅगवर्ट नि यू आपल्या बांधावर नाहीत. कण्हेर, घाणेरी आणि एरंड आहेत. एरंडीची पेंड खत म्हणून आणली असेल तर ती तबेल्याच्या आसपास ठेवू नका, घोडा त्या विषाला फार नाजूक.